सेवोफ्लुरेन मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं?

प्रश्न कोथरूडहून आला आहे, थोडक्यात असा: ६६ वर्षांच्या आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पावणेदोन तास पूर्ण भूल होती. आधी शिरेतून प्रोपोफॉल आणि मग सेवोफ्लुरेनचा वायू दिल्याचं कागदावर लिहिलं आहे. घरी आल्यावर दोन दिवस त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होत्या. प्रश्न विचारणारे गृहस्थ कॉलेजात शिकले होते की भुलीचा वायू चेतापेशींच्या मेदाच्या पडद्यात विरघळतो आणि पडदा फुगतो. फार्मसीला असलेली त्यांची मुलगी म्हणते, ‘बाबा, ते जुनं झालं, वायू रिसेप्टरवर काम करतो.’ रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं निरोप घेणारं प्रथिन. यातलं खरं काय? आणि विरघळलेला वायू आईंच्या मेंदूतल्या मेदात साचून तर राहिला नाही ना?

साचून राहिलेला नाही, हे आधी सांगते, कारण खरी काळजी तीच आहे. वादाबद्दल म्हणाल तर मुलीचं बरंचसं बरोबर आहे. पण बाबांच्या पुस्तकातली गोष्ट चुकीच्या निरीक्षणावर उभी नव्हती. निरीक्षण अगदी खरं होतं, त्यातून काढलेला अर्थ घाईचा होता.

मी पुण्यात ३१ वर्षं भूल देते आहे. शिकत होते तेव्हा हॅलोथेन रोजचं होतं, क्वचित इथरही वापरलं. आता बहुतेक ठिकाणी सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन असतं. पहिल्यांदा मास्क लावून लहान मुलाला सेवो दिलं तो दिवस मला आठवतो. रडणारं पोर आठ-दहा श्वासांत शांत झालं, आणि ऑपरेशन संपल्यावर वायू बंद केला तसं काही मिनिटांत आईला हाका मारू लागलं. एवढं मोठं काम करून जाणारा रेणू किती साधा आहे, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. सेवोफ्लुरेनचं रेणुभार जेमतेम २००. त्यावर विद्युतभार नाही. तो कुठल्याही प्रथिनाशी पक्का रासायनिक बंध जोडत नाही, नुसता टेकतो आणि सुटतो. झेनॉन तर त्याहून नवलाचा. तो निष्क्रिय वायू, शरीरात कशाशीही संयोग पावत नाही, तरीही पुरेशा प्रमाणात हुंगला तर माणूस बेशुद्ध होतो. म्हणजे भूल ही रासायनिक क्रियेची करामत नाही. रेणू कुठेतरी जाऊन बसण्यातच ती आहे. प्रश्न एवढाच उरतो, की कुठे?

१८९९ मध्ये मारबुर्गचे हान्स मेयर आणि १९०१ मध्ये झुरिकचे चार्ल्स ओव्हरटन या दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली. बेडकाची पिल्लं ज्या पाण्यात पोहतात त्यात वेगवेगळी द्रव्यं मिसळायची आणि किती प्रमाणाला पोहणं थांबतं ते पाहायचं. मग तेच द्रव्य ऑलिव्ह तेलात किती विरघळतं ते मोजायचं. तेलात जितकं जास्त विरघळणारं, तितकं भूल द्यायला कमी लागणारं. त्यांचा हा नियम माणसाला देतात त्या औषधांनाही लागू पडतो. आम्ही औषधाची ताकद ‘मॅक’ या मापाने सांगतो. फुप्फुसातल्या हवेत वायूचं जे प्रमाण असताना शंभरातले पन्नास जण त्वचेवर काप घेतला तरी हलत नाहीत, ते प्रमाण म्हणजे एक मॅक. एडमंड एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास हे माप रुजवलं. हॅलोथेनचा मॅक साधारण ०.७५ टक्के, सेवोचा २, डेसफ्लुरेनचा ६, आणि नायट्रस ऑक्साइडचा १०४ टक्के. आता तेलातली विद्राव्यता, म्हणजे हवेच्या किती पट वायू तेलात मावतो, ती पाहा. हॅलोथेन सुमारे २२४, सेवो ५० च्या आसपास, डेसफ्लुरेन १९, नायट्रस १.४. प्रत्येकाचा मॅक आणि विद्राव्यता यांचा गुणाकार करून पाहा. आकडे जवळजवळ सारखे येतात, तेही एकमेकांशी रचनेत काडीचंही साम्य नसलेल्या रेणूंचे. असा नियम हाती आल्यावर ‘जागा मेदाचीच’ असं कोण म्हणणार नाही?

चेतापेशीचा पडदा मेदाच्या दोन थरांचा असतो. त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात आणि त्यांतून सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आयन आतबाहेर करतात. पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत आणि तिच्यातला लाकडी दिंडी दरवाजा डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि दार चौकटीत घट्ट बसतं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना बाबांचं पुस्तक लगेच कळेल. वायू मेदात शिरतो, पडदा फुगतो, सैलावतो आणि दारं नीट उघडमिट करेनाशी होतात, असा तो सिद्धान्त होता. त्याला आणखी एक सुंदर आधारही मिळाला. दारूने निपचित पडलेली बेडकाची पिल्लं शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली ठेवली की पुन्हा पोहू लागतात. फुगलेलं पुन्हा दाबून बसवलं आणि दार मोकळं झालं, असं वाटणं साहजिक होतं.

मग भेगा दिसू लागल्या. ऑपरेशनला लागते तेवढ्या वायूने पडद्याच्या सैलपणात होणारा फरक मोजला, तर तो अगदी थोडा निघाला. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवलं तरी साधारण तेवढाच फरक होतो. तसं असेल तर दोन-तीन अंश ताप चढलेलं मूल निश्चेष्ट पडायला हवं. ते पडत नाही. उलट शरीर थंड झालेल्या रुग्णाला वायू कमी लागतो, हे मी थिएटरमध्ये कितीदा तरी पाहिलं आहे. दुसरी भेग अल्कोहोलांची. कार्बनची साखळी लांब करत नेली तर मेदातली विद्राव्यता वाढतच जाते, त्यामुळे भुलीची ताकदही वाढत राहायला हवी. पण साधारण तेराव्या कार्बनच्या आसपास ती एकदम नाहीशी होते. भिंतीला रेणूच्या लांबीशी काही देणंघेणं नसतं. ठरावीक मापाच्या खोबणीला मात्र असतं, कारण मावेल तोवरच रेणू तिच्यात बसतो. तिसरी गोष्ट आयसोफ्लुरेनची. त्याचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. दोन्ही मेदात सारखेच विरघळतात. १९९१ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी गोगलगाईच्या चेतापेशींवर ते वेगवेगळे वापरून पाहिले, तर एका प्रकारचा परिणाम दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट निघाला. उजवा हात डाव्या मोज्यात नीट जात नाही, तेलाच्या बुधलीत मात्र दोन्ही हात सारखेच बुडतात.

पण मला स्वतःला पटवून गेला तो काजव्यांचा प्रयोग. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाची पहिली सर यायच्या आधी, पुण्याची मंडळी राजमाचीला काजवे पाहायला जातात. झाडंच्या झाडं एकदम लुकलुकतात. तो उजेड पाडणारं ल्युसिफरेझ नावाचं प्रथिन वेगळं काढता येतं. १९८४ मध्ये फ्रँक्स आणि लीब यांनीच लंडनमध्ये ते पाण्यात विरघळवून त्यात भुलीची वेगवेगळी द्रव्यं घातली. मेदाचा पडदा नाही, पेशी नाही, मेंदू नाही, नुसतं प्रथिन आणि पाणी. उजेड मंदावला. आणि तो निम्मा व्हायला जेवढं द्रव्य लागलं, ते प्राण्याला भूल पडायला लागणाऱ्या प्रमाणाशी जुळत गेलं. म्हणजे मेयर आणि ओव्हरटन यांचा नियम मेदाशिवायही पाळला जातो. प्रथिनाच्या घडीत आतल्या बाजूला तेलकट स्वभावाच्या, पाणी न आवडणाऱ्या खोबणी असतात, आणि वायूचा रेणू तिथे जाऊन बसतो. ऑलिव्ह तेल अशा खोबणीची नक्कल करत होतं, आणि आपण शंभरेक वर्षं ते भिंतीची नक्कल समजत होतो. पावसाने फुगलेल्या लाकडाऐवजी बिजागरीत अडकलेली काडी, असं चित्र मग मनात आणावं लागतं. आता मी राजमाचीला जाते तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पण बिजागरी कुठल्या दाराची? मुलीच्या पुस्तकात पहिलं नाव असेल गाबा-ए रिसेप्टरचं. मेंदूत चेतापेशींना ‘थांब’ सांगणारा मुख्य निरोप गाबा या रेणूचा. पाच प्रथिनं गोल उभी राहून मधे एक नळी तयार होते. गाबा येऊन टेकला की नळी उघडते, क्लोराइड आत शिरतो, पेशीच्या आतली बाजू आणखी ऋण होते आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. सेवो, आयसो, हॅलोथेन हे वायू पडद्यातून जाणाऱ्या पट्ट्यांच्या मधल्या खोबणीत बसतात आणि गाबाने उघडलेली नळी मिटायला उशीर लावतात. ‘थांब’ हा शब्द लांबवून उच्चारल्यासारखा. १९९७ मध्ये दाखवलं गेलं की त्या खोबणीजवळचं एकच अमायनो आम्ल बदललं तरी वायूचा हा परिणाम नाहीसा होतो. भिंत तीच, मेद तोच, दारातला एक खिळा बदलला, एवढंच.

इथे मुलीला एक सूचना करावीशी वाटते. ‘वायू गाबावर काम करतात’ एवढं लिहून पेपरात गुण मिळतील, पण ते अर्धंच आहे. प्रोपोफॉल, म्हणजे आजीला आधी शिरेतून दिलं ते, बरंचसं एका कुलपाचं औषध आहे. गाबा रिसेप्टरच्या बीटा-३ या घटकात एक बदल केलेले उंदीर २००३ मध्ये तपासले गेले. प्रोपोफॉल दिलं तरी ते चिमटा काढल्यावर पाय मागे घेत राहिले. वायूंच्या बाबतीत मात्र त्याच उंदरांत फार थोडा फरक पडला. वायूला अनेक दारं माहीत आहेत. पाठीच्या कण्यातल्या ग्लायसिनच्या दारावरही तो तसाच बसतो. ट्रेक आणि टास्क नावाच्या पोटॅशियमच्या गळक्या नळ्या तो आणखी उघडतो, पोटॅशियम बाहेर झिरपतो आणि पेशी सुस्तावते. ट्रेक-१ नसलेल्या उंदरांना भूल द्यायला जास्त वायू लागतो, हे २००४ पासून माहीत आहे. चेतासंधीत ग्लुटामेट हा ‘चल’ म्हणणारा निरोपही वायूमुळे कमी सोडला जातो. नायट्रस ऑक्साइड आणि झेनॉन तर गाबाकडे फारसे वळतही नाहीत, ते ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर अडवतात. पेशीच्या ऊर्जाघरापर्यंत, मायटोकाँड्रियापर्यंत हा धागा जातो. त्यातल्या पहिल्या संकुलात जन्मजात दोष असलेली काही मुलं इतकी हळवी असतात की त्यांना नेहमीपेक्षा फारच कमी सेवो पुरतं. अशा मुलाच्या आईवडिलांनी भूलतज्ज्ञाला ही गोष्ट आधी सांगणं फार महत्त्वाचं आहे.

आता ज्या मुद्द्यावर सर्वात जास्त गैरसमज आहे तो. भूल म्हणजे गाढ झोप, असं आम्हीच रुग्णांना सांगतो, धीर द्यायला. पण झोपलेल्या माणसाला सुई टोचली तर तो उठतो. भूल ही तीन-चार वेगळ्या गोष्टींची मोट आहे, आणि प्रत्येकीची जागा वेगळी. आठवण नोंदणं बंद होतं ते अगदी थोड्या वायूला, पाव मॅकच्या आसपास, आणि त्यात हिप्पोकॅम्पसचा मोठा वाटा आहे. हाकेला ओ देणं थांबतं ते साधारण तिसरा हिस्सा मॅकला, मेंदूच्या मध्यातलं निरोप पुढे पाठवणारं केंद्र, म्हणजे थॅलेमस, आणि मेंदूचं बाह्यक यांच्यातला संवाद विस्कटल्यावर. आणि काप घेतल्यावर न हलणं, ज्यावरून मॅक मोजतात, ते मेंदूचं काम नाहीच. १९९३ मध्ये शेळ्यांवर केलेल्या प्रयोगात आयसोफ्लुरेन फक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात राहील अशी व्यवस्था केली. सगळ्या शरीराला वायू मिळत होता तेव्हा १.२ टक्के पुरत होते, फक्त मेंदूला मिळू लागल्यावर २.९ टक्के लागले. हालचाल थांबवणारी जागा मज्जारज्जूत आहे, हे त्यातून उलगडलं. म्हणून रुग्ण जरा हलला की ‘जागा झाला, जागा झाला’ म्हणून थिएटरमध्ये गडबड उडते, तेव्हा मी आधी वायूचा आकडा पाहते. बहुतेक वेळा पाठीचा कणा उत्तर देत असतो, माणूस नाही.

मग भिंत अगदीच निर्दोष सुटली का? नाही, आणि बाबांसाठी ही बरी बातमी आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेतल्या एका गटाने दाखवलं की क्लोरोफॉर्म आणि आयसोफ्लुरेन पडद्यावरचे मेदाचे दाट गुच्छ विस्कटतात. त्या गुच्छांत बांधलेलं फॉस्फोलिपेझ डी-२ हे विकर त्यामुळे सुटतं, बाजूला जातं, आणि तिथल्या ट्रेक-१ च्या नळ्या उघडतात. हे विकर नसलेल्या फळमाश्यांना भूल द्यायला जास्त वायू लागला. मला हे काम मोलाचं वाटतं, पण त्यावरून ‘पडद्याचा सिद्धान्त परत आला’ अशा ज्या घोषणा झाल्या त्या मला पटत नाहीत. अख्खी भिंत फुगण्याची जुनी गोष्ट त्याने परत येत नाही. भिंतीच्या एका कोपऱ्यात काय टांगलं आहे यावर दाराचं उघडणं अवलंबून असू शकतं, एवढं कळतं. काही दारांबाबत वायू थेट बिजागरीत बसतो, काहींबाबत शेजारच्या भिंतीतून हात फिरवतो. रुग्णाच्या मेंदूत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

पुण्याच्या हवेबद्दलही सांगते, कारण वायू रिसेप्टरपर्यंत पोहोचतो तो टक्क्यांनी नाही, दाबाने. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. मुंबईत हवेचा दाब ७६० मिलिमीटर, तर इथे साधारण ७१०. डेसफ्लुरेनचा गरम केलेला व्हेपोरायझर, म्हणजे द्रवाची वाफ करून देणारं उपकरण, टक्के अचूक देतो, म्हणून ६ वर लावला तर मुंबईत त्याचा दाब ४५ च्या वर जातो आणि पुण्यात ४३ च्या जवळ राहतो. औषध तितकंच कमी पोहोचतं. सेवोच्या साध्या व्हेपोरायझरमध्ये ही अडचण जवळजवळ येत नाही, कारण द्रवातून निघणाऱ्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो, बाहेरच्या हवेवर नाही. आणि नायट्रसचा मॅक १०४ टक्के म्हणजे ७९० मिलिमीटर दाब. तेवढी हवाच पुण्यात नाही. शुद्ध नायट्रस दिलं तरी एक मॅक गाठता येणार नाही, आणि प्राणवायूशिवाय कोणी देणारही नाही. म्हणून नायट्रस नेहमी दुसऱ्या वायूच्या सोबतीने येतं.

आता आईंकडे येते. रेणू पक्का बंध जोडत नाही, नुसता टेकतो, हे वर सांगितलं त्याचा फायदा इथे आहे. फुप्फुसातला दाब कमी झाला की रक्तातला वायू श्वासावाटे निघतो, मग मेंदूतला रक्तात येतो आणि खोबणी रिकाम्या होतात. सेवो रक्तात फार विरघळत नाही, त्याचा रक्तातला गुणांक (हवेच्या किती पट रक्तात मावतो तो आकडा) ०.६५ च्या आसपास, हॅलोथेनचा २.४. म्हणून सेवोची भूल लवकर उतरते. यकृतात मोडतो तो फक्त २ ते ५ टक्के, बाकी जसाच्या तसा बाहेर जातो. शरीरातल्या चरबीत थोडा वायू मागे राहतो आणि काही दिवस हळूहळू निघत राहतो, पण ते प्रमाण आठवण पुसायला लागतं त्यापेक्षा पुष्कळच कमी असतं. दोन दिवसांनंतरच्या विसराळूपणाला त्यात बसलेला वायू जबाबदार नाही.

मग जबाबदार कोण? साठीनंतर ऑपरेशनच्या पाठोपाठ काही दिवस गोंधळणं, तेच तेच विचारणं, रात्री-दिवसाची गल्लत होणं हे आम्हाला नेहमी दिसतं. जखमेमुळे शरीरभर उठणारा दाह, वेदना, वेदनेवरची अफूवर्गातली औषधं, तुटलेली झोप, पाणी कमी पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग, चष्मा किंवा श्रवणयंत्र काढून ठेवणं, अशी बरीच कारणं एकत्र येतात. भुलीची खोलीही त्यात येते, म्हणून वय पाहून मात्रा ठरवतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी मॅक साधारण ६ टक्क्यांनी घटतो. सहासष्टीच्या बाईला चाळिशीतल्या माणसापेक्षा जवळपास १५ टक्के कमी पुरतं.

त्यांना चष्मा लावून द्या, दिवसा उजेडात बसवा, रात्री झोपू द्या, पाणी पाजत राहा, आणि घरातलं ओळखीचं माणूस जवळ असू द्या. वेदनेच्या गोळ्यांची नावं पुन्हा एकदा शल्यविशारदांना दाखवा. विसराळूपणा दिवसागणिक कमी होत असेल तर थांबता येतं. वाढत असेल, ताप असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात उचलत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि पुढच्या कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांना सांगा की मागच्या वेळी दोन दिवस असं झालं होतं. ते कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. तुम्ही सांगितलंत तरच त्यांना ते कळेल.